एम्डेन नौकेची पासली येथील प्रतिकृति : एक चिकित्सा

त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं अस्थानीं वाटेल, हें आम्ही जाणून आहों. बखरी, महजर, ताम्रपट व नाणीं यांच्या चर्चेंत एका जर्मन आगबोटीच्या लांकडी प्रतिकृतीस जागा कशाला, असें कोणीं विचारल्यास तो प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु गेल्या वैशाखांत पासली येथें जें आम्हीं पाहिलें व त्यावरून जो वाद झाला, तो सर्वस्वीं आपल्याच शास्त्रांतला आहे. कोणता साक्षीदार कोणत्या गोष्टीपुरता विश्वसनीय, दोन सहोदर प्रतींपैकीं एकीवरून दुसरीचा गळालेला पाठ भरून काढावा कीं नाहीं, मागाहून घातलेला भाग कोणता आणि तो ठेवावा कीं काढावा, हे ते प्रश्न. पोथ्यांच्या बाबतींत हे प्रश्न सोडविण्यांत आमचा जन्म गेला. पटाशी व कानस यांच्या भाषेंत ते ऐकण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला.

पासली हें गांव वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तोरण्याच्या मुलखांत आहे. पुढें केळद, मग मढे घाट, आणि घाटाखालीं महाडचा प्रांत. समुद्र पाहावयाचा तर त्याच्याही पलीकडे जावें लागतें. अशा डोंगरी गांवांत युद्धनौका बांधणारा मनुष्य निघावा, हें ऐकून आम्हीं प्रथम हंसून सोडून दिलें होतें. हा गृहस्थ आमचा जुना विद्यार्थी. पुण्याच्या एका कारखान्यांत यंत्रावर काम करण्यांत त्याची हयात गेली व आतां तो वडिलोपार्जित घरीं राहावयास आला आहे. त्याचें नांव येथें घालूं नये अशी त्याची इच्छा आहे. ती आम्हीं पाळली आहे. घराच्या पडवींत सहा वर्षें खपून त्यानें एम्डेन या नौकेची प्रतिकृति सिद्ध केली, आणि ‘गुरुजी, चुका काढायलाच या’ असा निरोप धाडला. शिष्यानें असें बोलाविल्यावर न जाणें हें आमच्या धंद्यास शोभलें नसतें.

नौकेचा वृत्तांत थोडक्यांत असा. एम्डेन ही जर्मन आरमाराची हलकी क्रूझर डान्झिग येथील सरकारी गोदींत बांधली गेली. ती २६ मे १९०८ रोजीं पाण्यांत उतरली व १० जुलै १९०९ रोजीं कामावर रुजू झाली. पुढें तिची नेमणूक चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताव येथील आरमारांत झाली. १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध सुरू होतांच कप्तान कार्ल फॉन म्यूलर यानें मुख्य आरमार सोडून तिला हिंदी महासागरांत आणिलें. २२ सप्टेंबरच्या रात्रीं तिनें मद्रासेवर सुमारें १३० गोळे टाकून बर्मा ऑईल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या. २८ ऑक्टोबर रोजीं पहांटे पेनांग बंदरांत शिरून झेम्चुग ही रशियन क्रूझर बुडविली, व बाहेर पडतांना मूस्के ही फ्रेंच विनाशिकाही बुडविली. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशीं सिडने या ऑस्ट्रेलियन क्रूझरनें तिला गांठलें. तिन्ही धुराडीं व पुढची डोलकाठी कोसळल्यावर म्यूलरनें नौका उत्तर कीलिंग बेटाच्या खडकावर आपण होऊन चढविली. तत्पूर्वीं तिनें वीसांहून अधिक व्यापारी जहाजें पकडलीं होतीं. मद्रासेंत उच्च न्यायालयाच्या आवारभिंतीशीं या गोळीबाराची स्मृतिशिला आहे, आणि तामिळ बोलण्यांत धूर्त व जबर मनुष्यास ‘एम्डन’ म्हणण्याची रीति त्याच प्रसंगांतून निघाली.

नाणींसंग्राहकांसाठीं एक गोष्ट जातां जातां सांगतों. नौकेच्या अवशेषांत मेक्सिकोचे चांदीचे डॉलर सांपडले. त्यांतील कांहीं १९१८ मध्यें सिडने शहरीं वर मुकुट बसवून पदकाप्रमाणें मढविण्यांत आले. नाणें मेक्सिकोचें, खजिना जर्मन नौकेचा, मुकुट व अक्षरें ऑस्ट्रेलियाचीं. अशा वस्तूची नोंद कोणत्या कप्प्यांत करावी याचा निर्णय आमच्या नाणेंतज्ज्ञ मित्रांनीं करावा.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. ती एकास शंभर या प्रमाणानें केलेली आहे. मूळ नौका ११८.३ मीटर लांब व १३.५ मीटर रुंद. तेव्हां प्रतिकृतीची लांबी ११८.३ सेंटिमीटर व रुंदी साडेतेरा सेंटिमीटर. मधला कणा व आडव्या फासळ्या शिवणीच्या फळीच्या, त्यांवर शिवणीच्याच पातळ पट्ट्या जडवून, घांसून, लांबी भरून अंग गुळगुळीत केलें आहे. वरचें काम पितळेच्या पत्र्याचें. तोफा दहा. मूळच्या तोफेचें तोंड १०.५ सेंटिमीटर व लांबी त्याच्या चाळीसपट, म्हणजे ४.२ मीटर, त्याप्रमाणें प्रतिकृतीची प्रत्येक तोफ ४.२ सेंटिमीटर लांब, पितळेची सळई चरकावर उतरवून केलेली. दोन नाळीवर शेजारीं शेजारीं, दोन तशाच पिछाडीस, आणि मध्यभागीं प्रत्येक कुशीस तीन तीन. ही मांडणी बरोबर आहे. एका कुशीनें मारा करावयाचा तर दहांपैकीं पांचच तोफा कामीं येत, हें या मांडणीकडे पाहतांच कळतें; नुसतें पुस्तक वाचून तें इतकें स्पष्ट आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. हातकामाविषयीं आम्हांस अधिकारानें बोलतां येणार नाहीं. आमचा अधिकार पाठाचा आहे.

पहिला पाठदोष त्याचा त्यानेंच सांपडवून सुधारलेला आहे, तरी तो बोधप्रद म्हणून नोंदवितों. एम्डेनची एक सहोदर नौका होती, ड्रेस्डेन. दोघींचा आराखडा एक, काळ एक, बाह्य रूपही जवळजवळ एक. रेवेल या जर्मन कारखान्यानें दोघींचेही एकास तीनशें पन्नास या प्रमाणाचे संच विकावयास काढले होते. आमच्या विद्यार्थ्यास नौकेच्या बुडाचें चित्र प्रथम मिळालें तें ड्रेस्डेनचें. बहिणी सारख्याच असणार, या भरंवशावर त्यानें त्यावरून चार पंखे घडवून पिछाडीखालीं बसविले. वास्तविक ड्रेस्डेनला वाफेचीं चक्रयंत्रें, म्हणजे टर्बाईन होतीं व म्हणून तिला चार पंखे होते. एम्डेनला जुन्या धर्तीचीं दट्ट्याचीं दोन एंजिनें व दोनच पंखे. चुकीचा शोध लागल्यावर महिनाभराचें काम त्यानें उपटून काढलें. ‘म’ प्रतींत एक श्लोक आहे म्हणून तिच्या सहोदर ‘न’ प्रतींतही तो असलाच पाहिजे, असें मानून मोकळी जागा भरणारे संपादक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतला एकही आपलें छापलेलें पान उपटून काढतांना आम्हांस आढळला नाहीं.

दुसरा दोष आम्हीं दाखविला. नौकेच्या नाळीवर एक मोठा लोखंडी क्रूस रंगविलेला होता. तो पाहून आम्हांस शंका आली. कारण लोखंडी क्रूस हा युद्धांतील पराक्रमाचा सन्मान, आणि युद्ध सुरू झाल्यापासून या नौकेस गोदीचें दर्शन झालेलें नाहीं. शोध करतां उलगडा झाला तो असा. एम्डेन नांवाची नौका एकच नव्हे. पहिली बुडाल्यावर तिच्या स्मरणार्थ दुसरी एम्डेन बांधली गेली व ती १९१६ मध्यें कामावर आली. तिलाही तीन धुराडीं होतीं, आणि पहिलीच्या गौरवार्थ नाळीवर लोखंडी क्रूस होता. १९२५ मध्यें पाण्यांत उतरलेली तिसरी निराळीच. दुसरीचें छायाचित्र पहिलीच्या नांवावर कोठेंतरी छापलें गेलें असावें व त्यावरून हा क्रूस आला. सातव्या शतकांतल्या भास्कराचें वचन बाराव्या शतकांतल्या भास्कराचार्याच्या पदरीं बांधण्यासारखाच हा प्रकार. नामसाम्यानें झालेला घोटाळा नामसाम्य उघडकीस आणल्यानेंच सुटतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही चहा घेत होतों तेव्हां तो पालिशकागद घेऊन क्रूस घांसून काढीत बसला होता.

तिसरी गोष्ट मितीची, आणि ती आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. ही एम्डेन कोणत्या दिवसाची? असें विचारतांच तो गोंधळला. ‘एम्डेन म्हणजे एम्डेन,’ असें त्यानें उत्तर दिलें. हें उत्तर चालणार नाहीं. शांततेच्या काळांत पूर्वेकडील जर्मन नौका पांढऱ्या रंगाच्या असत व त्यांचीं वरचीं कामें व धुराडीं पिवळसर असत. युद्धाच्या वेळीं त्या राखी झाल्या. मग पितळेच्या चकचकीत पट्ट्या व स्वच्छ घांसलेला लांकडी तळ ठेवून वर युद्धाचा राखी रंग द्यावयाचा, हें १९११ च्या देहावर १९१४ चा अंगरखा चढविण्यासारखें आहे. मोहिमेच्या काळीं तिच्या तळावर जादा कोळशाचे ढीग पडलेले असत. इंडस नांवाचें जहाज, जें कलकत्त्याहून मुंबईस फौज व घोडे नेण्यासाठीं चाललें होतें, तें १० सप्टेंबरला पकडल्यावर त्यांतील साबणापासून सर्व उपयुक्त माल हिच्यावर आला. पकडलेल्या जहाजांवरचीं डुकरें, मेंढ्या व बदकें तळावर हिंडत असत. अशा नौकेची प्रतिकृति आरशासारखी स्वच्छ करणें म्हणजे रोजकीर्दीच्या कागदावरील खाडाखोड पुसून त्याची सुवाच्य नक्कल ‘मूळ’ म्हणून छापणें होय.

हाच मुद्दा पाण्याच्या रेषेस लागू पडतो. येथें त्यानें केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. नौकेचा भार नेहमींच्या सामानासह ३,६६४ टन व पूर्ण भरलेली असतां ४,२६८ टन. लांबी, रुंदी, खोली या तिन्ही शंभरपट लहान झाल्या कीं आकारमान दहा लाखपट लहान होतें. म्हणून प्रतिकृति पहिल्या स्थितींत ३ किलो ६६४ ग्रॅम व दुसऱ्या स्थितींत ४ किलो २६८ ग्रॅम भरली, तरच ती मूळ नौकेइतकी पाण्यांत बसेल. गांवांतील किराणा दुकानाचा कांटा मागून आणून त्यानें ती तोलली, पोटांत शिशाचे तुकडे घालून पहिला भार पुरा केला, आणि गुरांच्या पाण्याच्या हौदांत सोडली. ती आंखलेल्या रेषेवर बरोबर बसली. अंगाची घडण चुकली असती तर ती वर तरंगली असती किंवा खालीं गेली असती. तेव्हां हें त्याच्या कामाचें स्वतंत्र प्रमाण आहे, व असें प्रमाण आम्हां ग्रंथसंपादकांस कधींही मिळत नाहीं, याचा थोडा हेवा वाटला. परंतु त्याच वेळीं आम्हीं सांगितलें कीं, कोळशानें भरलेली नौका या रेषेवर नव्हती. आणखी सहाशें ग्रॅम घालून पाहा. त्यानें घातले. लाल रंगाचा बराचसा पट्टा पाण्याखालीं गेला, आणि नौका एकाएकीं जड, थकलेली व खरी दिसूं लागली. ‘आतां दमल्यावाणी वाटते,’ असें तेथें उभ्या असलेल्या त्याच्या आईनें म्हटलें, तें आमच्या पानभर विवेचनाहून नेमकें होतें.

आतां चौथ्या धुराड्याचा वाद. येथें आमची स्वतःची चूक कबूल करणें प्राप्त आहे.

एम्डेनला धुराडीं तीन. प्रतिकृतीला चार. आम्हीं तें पाहतांच ‘हा प्रक्षेप आहे, काढून टाक’ असा निवाडा दिला. कोणत्याही मूळ आराखड्यांत चौथें धुराडें नाहीं, बांधणीच्या काळच्या कोणत्याही चित्रांत नाहीं; तेव्हां आमच्या दृष्टीनें प्रश्नच नव्हता. विद्यार्थ्यानें आंतून हेल्मुथ फॉन म्यूके याच्या पुस्तकाचें १९१७ मध्यें बोस्टन येथें निघालेलें इंग्रजी भाषांतर आणून आमच्यापुढें ठेविलें. म्यूके हा नौकेवरचा पहिला अधिकारी. यार्मथ ही इंग्रज क्रूझर चार धुराड्यांची. रात्रीं दुरून एम्डेन ही यार्मथ भासावी म्हणून एक खोटें धुराडें उभें करण्याची युक्ति त्याचीच. प्रथम तें नुसतें सपाट कापड होतें. कुशीकडून पाहतां ठीक दिसे, समोरून पाहतां फसवणूक उघडी पडे. म्हणून पुढें काठ्यांचा सांगाडा करून त्यावर शिडाचें कापड चढविलें व तें गोलाई असलेलें झालें. पेनांगमध्यें नौका शिरली ती या चौथ्या धुराड्यानिशीं. कोकोस बेटावर तारयंत्राच्या ठाण्यांतील लोकांनीं तें कापडाचें आहे हें ओळखलें, व त्यामुळेंच त्यांना बातमी देण्यास अवसर मिळाला.

म्हणजे हा प्रक्षेप खरा. पण तो मूळ ग्रंथकारानेंच, आपल्या हातानें, आपल्या हयातींत घातलेला. असा प्रक्षेप काढून टाकण्याचा अधिकार संपादकास नाहीं. आम्हीं निवाडा परत घेतला. परंतु विद्यार्थ्यानें तें धुराडें पितळेचें करून, इतर तिघांच्याच राखी रंगांत रंगवून, तळास कायमचें डिंकानें चिकटविलें होतें. हें आम्हांस मान्य होण्यासारखें नव्हतें. पाहणाराला खरीं तीन व खोटें एक यांतला फरक कळावयास नको काय? म्यूलरला शत्रू फसवावयाचा होता; पासलीच्या शाळेंतल्या मुलांना फसविण्याचें कारण नाहीं. बऱ्याच वादानंतर असें ठरलें कीं, चौथें धुराडें बांबूच्या काड्यांवर पातळ कापड ताणून पुनः करावें, व तें काढतां घालतां यावें. तें काढलें म्हणजे प्रतिकृति ऑगस्टची, घातलें म्हणजे पेनांगची.

म्यूकेच्या साक्षीबद्दल एक सावधगिरी येथें लिहून ठेवतों, कारण त्याच्या पुस्तकाचा आधार सरसकट घेतला जातो. धुराडें, तळावरचा कोळसा, पकडलेलीं जहाजें यांविषयीं तो प्रत्यक्षदर्शी आहे. परंतु ९ नोव्हेंबरच्या अखेरच्या लढाईच्या वेळीं तो नौकेवर नव्हताच. तारयंत्र मोडण्यासाठीं सुमारें पन्नास लोक घेऊन तो बेटावर उतरला होता, तेवढ्यांत सिडने आली. आणि पुढें आयेशा नांवाच्या जुन्या शिडाच्या जहाजांतून तो निसटला. त्या लढाईपुरतें त्याचें कथन ऐकीव होय. फ्रांत्स योसेफ या होहेनत्सोलर्न घराण्यांतील अधिकाऱ्याचें पुस्तक त्या मानानें अधिक प्रमाण, कारण तो शेवटपर्यंत नौकेवर होता. एकाच ग्रंथांत एका प्रकरणापुरता लेखक साक्षीदार व पुढच्या प्रकरणांत केवळ बखरकार, हें आपल्याकडेही वारंवार घडतें. तरी ‘अमुक समकालीन आहे’ एवढ्यावर आपण सर्व ग्रंथास सारखेंच मोल देतों. चंपकरामन पिळ्ळे हे देशभक्त एम्डेनवर होते, अशी कथा दक्षिणेंत आजही सांगतात. ते त्या काळीं युरोपांत होते. कथेस आधार नाहीं, पण ती मोडत नाहीं.

ही शेवटची गोष्ट आम्हीं सहज बोललों, आणि तीच आमच्या यजमानास लागली. त्याचें कारण नंतर कळलें.

त्याचा पणजा ११७ व्या मराठा पलटणींत शिपाई होता. १६ ऑक्टोबर १९१४ रोजीं मुंबईहून इराणी आखाताकडे जी फौज निघाली तींत ही पलटण होती. पुढें ती सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर कूत-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडली. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं. पणजा परत आला नाहीं. त्याच्या सोबत्यांनीं गांवीं आणिलेली म्हणून एक कथा घरांत चालत आली आहे : समुद्रांत रात्रीं चार धुराड्यांची एक नौका त्यांच्या जहाजाजवळून गेली, इंग्रज समजून यांच्या लोकांनीं तिला सलामी दिली, आणि ती एम्डेन होती. या कथेखातरच त्यानें सहा वर्षें खर्चून ही नौका बांधली, चौथें धुराडें पक्कें चिकटविलें, आणि ती शाळेस देतांना खालच्या पट्टीवर ही हकीकत कोरावयाची असें ठरविलें. पितळेची पट्टी कापूनही ठेविली होती.

आम्हीं काय करावयास हवें होतें? त्या आठवड्यांत एम्डेन मिनिकॉय बेटाच्या आसपास होती. १६ ते १९ ऑक्टोबर या दिवसांत तिनें तेथें एकामागून एक जहाजें पकडलीं, त्या तारखा निश्चित आहेत. मिनिकॉय मुंबईच्या दक्षिणेस, फार दूर. फौजेचा काफिला निघाला तो वायव्येस. दोघांची गांठ पडणें शक्य नव्हतें. शिवाय कापडी धुराड्याची गोष्ट जगजाहीर झाली ती पेनांग व कोकोस या प्रसंगांनंतर. तेव्हां ती कथेंत मागाहून शिरली असली पाहिजे. हें सर्व आम्हीं, जसें एखाद्या खोट्या सनदेबद्दल सांगावें तसें, ओळीनें सांगितलें. आज वाटतें कीं थोडें थांबून सांगितलें असतें तर बरें झालें असतें. तो कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळपर्यंत पडवींतून पटाशीचा आवाज आला नाहीं. रात्रीं जेवतांना त्याची आई एवढेंच म्हणाली, ‘गुरुजी, आमच्या घरांत त्यांचं तेवढंच राहिलं होतं.’

खोटें म्हणून जें ठरलें त्याच्या आंत खरें काय आहे, हें शोधल्यावांचून आपलें काम संपत नाहीं, याची आठवण त्या वाक्यानें झाली. काफिला निघाला त्याच आठवड्यांत त्याच समुद्रांत जहाजें नाहींशीं होत होतीं. हिंदी समुद्रांत एक नौका हिंडते आहे व ती कोठें आहे हें कोणास ठाऊक नाहीं, ही भीति त्या जहाजांवरील शिपायांना असणें स्वाभाविक. ज्यांनीं पूर्वीं समुद्र पाहिलाही नव्हता अशा मावळांतल्या माणसांनीं रात्रीं जो प्रत्येक दिवा पाहिला तो एम्डेनचा मानला असल्यास नवल नाहीं. कथा घटनेची साक्ष देत नाहीं. भीतीची साक्ष देते, व ती साक्ष इंग्रजी दफ्तरांत मिळणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं हें त्याला सांगितलें व पट्टीवर कोरण्यासाठीं मजकूर सुचविला : पलटणीचें नांव, मुंबई सोडल्याची तारीख, त्या आठवड्यांत एम्डेन कोठें होती तें, आणि मग स्वतंत्र ओळींत, ‘घरची आठवण अशी कीं’ असें म्हणून कथा, जशी ऐकली तशी. त्यानें मजकूर दोनदां वाचला, व ‘घरची आठवण’ हे शब्द पहिल्या ओळींत घ्यावेत एवढीच दुरुस्ती सुचविली. ती आम्हीं मान्य केली.

पुढील योजनेबद्दल मात्र आमचें मत अजून जुळलेलें नाहीं. शाळेच्या मंडळींना एम्डेन पाहून असें वाटलें कीं, आतां कान्होजी आंग्र्यांची गुराब याच प्रमाणानें व याच हातानें व्हावी. इच्छा योग्य आहे. पण हात तोच असला तरी कागद तो नाहीं. एम्डेनच्या मापांची नोंद आहे, छायाचित्रें आहेत, दोन अधिकाऱ्यांचीं पुस्तकें आहेत. गुराबेचा एकही बांधणीचा आराखडा आम्हांस ठाऊक नाहीं. रॉबर्ट ऑर्म यानें गुराबेचें वर्णन केलें आहे तें उपयुक्त आहे : डोलकाठ्या बहुधा दोन, क्वचित् तीन; तीन काठ्यांची सुमारें तीनशें टनांची व दोन काठ्यांची दीडशेंच्या आंत; लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, पाणी थोडें घेणारी, आणि पुढें भूमध्यसमुद्रांतील वल्ह्यांच्या नौकांप्रमाणें लांब निघालेली चोंच, जिच्यावरून पुढच्या तोफा मारा करीत. परंतु ऑर्मचा ग्रंथ १७६३ पासूनचा, कान्होजी वारले १७२९ त. मध्यंतरीं १७५६ मध्यें विजयदुर्गास तुळाजींचें आरमार जळालें. हा साक्षीदार उत्तरकालीन व शत्रुपक्षाचा. आणि लांबी, उंची, शिडांची काप, फासळ्यांची घडण यांविषयीं तो मुका आहे.

कोणी एक्सरच्या वीरगळांकडे बोट दाखवील. बोरिवलीजवळचे ते दगड अमोल आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. पण ते कान्होजींच्या पूर्वीं शतकेंच्या शतकें कोरलेले. आमच्याच पक्षाचा कोणी संस्कृतज्ञ भोजाच्या नांवावर असलेला ‘युक्तिकल्पतरु’ पुढें करील. त्यांत नौकांचे सामान्य व विशेष, विशेषांत दीर्घा व उन्नता असे भेद व त्यांचीं मापें दिलीं आहेत, युद्धासाठीं अग्रमंदिरा नौका सांगितली आहे. आम्हीं तीं मापें एकदां कागदावर मांडून पाहिलीं. त्यांतल्या कित्येक नौका घाटावरच्या ओढ्यांतही सरळ उभ्या राहतील असें आम्हांस वाटत नाहीं. तें शास्त्र वर्गीकरणाचें आहे, सुताराचें नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति १९६६ मध्यें पुरी केली, तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ असते. वाचणारास डोळ्यांनींच कळतें कीं येथें संपादकाचा पाय भक्कम जमिनीवर नाहीं. गुराबेंतही तसेंच करावें : ज्यास आधार आहे तेवढाच भाग रंगवावा, आणि जो अनुमानानें बसविला तो उघड्या लांकडाचाच ठेवावा. चोंच रंगवावी, पुढच्या तोफा रंगवाव्या, डोलकाठ्या रंगवाव्या. मागची गच्ची, शिडांची काप, दोरखंडांची मांडणी कोरीच. विद्यार्थ्याचें उत्तर असें कीं, ‘गुरुजी, मग लोक म्हणतील पैसे संपले म्हणून काम अर्धवट राहिलं.’ शाळेच्या मंडळींचेंही म्हणणें तेंच. अर्धी कोरी नौका पाहून मुलांच्या मनांत आंग्र्यांच्या आरमाराचा अभिमान कसा उत्पन्न व्हावा, असाही एकानें प्रश्न केला. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, संपूर्ण रंगविलेल्या नौकेचें छायाचित्र दोन वर्षांत कोणाच्या तरी पुस्तकांत ‘आंग्र्यांची गुराब’ या नांवानें छापलें जाईल, पांच वर्षांत तें पुस्तक आधार म्हणून दाखविलें जाईल, आणि मग आमच्याच विद्यार्थ्याची शिवणीची पट्टी अठराव्या शतकाचा पुरावा होऊन बसेल. एम्डेनच्या नाळीवरचा क्रूस घांसून काढतां आला, कारण तो खोटा आहे हें दाखविणारे कागद होते. गुराबेवर बसलेली चूक घांसून काढावयास आपणांपाशीं कांहींच नाहीं.

यावर निर्णय झालेला नाहीं. कणा व फासळ्या पावसाळ्यांत कापून होतील, रंगाचा प्रश्न दसऱ्यानंतर, असें ठरलें आहे. एम्डेन शाळेच्या कांचेच्या कपाटांत गेली आहे, आणि जादा सहाशें ग्रॅम शिसें तिच्या पोटांत तसेंच ठेविलें आहे. पितळेचें जुनें चौथें धुराडें आम्हीं मागून घेतलें; तें सध्यां आमच्या मोडक्या चष्म्याच्या घरांत आहे.